ओटा, गॅलरी आणि पावसाचे भांडे: शाळेआधीच्या मुलांसाठी घरचे उपक्रम

तीन ते सहा वर्षांच्या मुलाची पहिली शाळा घरातच भरते. घरात डाळ निवडली जाते, कपड्यांच्या घड्या होतात, पाणी भरून ठेवले जाते, पाहुणे येतात, पावसाची झड गॅलरीत शिरते. या प्रत्येक कामात मोजणे, जुळवणे, वेगळे करणे, अंदाज बांधणे आणि बोलणे असते. तरीही घरचे शिक्षण म्हणजे संध्याकाळी तासभर मुलाला वही-पेन्सिल देऊन बसवणे, ही समजूत शहरात फार रुजली आहे. या वयाचे मूल वहीतून थोडेच शिकते. ते हाताने काही करताना आणि त्याबद्दल जवळच्या माणसाशी बोलताना कितीतरी जास्त शिकते. म्हणून पालकांनी करायची मुख्य गोष्ट एकच: रोजच्या कामात मुलाला खरा वाटा द्यायचा आणि तो त्याच्या गतीने पुरा होऊ द्यायचा.

महाराष्ट्रात हा विचार जुना आणि अनुभवाने तावून सुलाखून निघालेला आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. पुढे १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी गावातल्या व आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मारिया माँटेसरींच्या पद्धतीतली साधने सुंदर होती, पण महाग होती. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने आणि मातीची भांडी आली, आणि मुले तितक्याच तन्मयतेने त्यांच्याशी खेळली. मूल बालवाडीपर्यंत येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जायचे, हेही तिथेच सुरू झाले. मुंबईत सांताक्रूझच्या वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या कुटुंबालाही यातून सरळ उपयोगी पडणारी गोष्ट मिळते. शिकण्याचे साधन दुकानातच मिळते असे नाही. मुलाच्या हाताशी जे आहे ते पुरते.

उपक्रम निवडताना वयाचा अंदाज असावा. साधारण तीन वर्षांचे मूल पाहून गोल काढू लागते, चौथ्या वर्षाच्या सुमारास त्याला फुली आणि पुढे चौकोन जमतो, त्रिकोणाला बहुतेक मुलांना पाचवे वर्ष उजाडते. यात मुलामुलांत चांगलाच फरक असतो आणि तो काळजीचा नसतो. शेजारच्या मुलीला नाव लिहिता येते म्हणून आपल्या मुलाची बोटे पेन्सिलीभोवती वळवण्याचा आग्रह अगदी टाळावा. लक्षही या वयात थोडा वेळच टिकते. मूल उठून गेले तर उपक्रम तिथेच संपला असे समजावे. उलट ते पाऊण तास एकाच भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतत बसले, तर त्याला जेवायला हाक मारण्याची घाई करू नये. त्या वेळी त्याचे फार महत्त्वाचे काम चाललेले असते.

स्वयंपाकघरातून सुरुवात करणे सर्वांत सोपे. तीन वर्षांच्या मुलाला कोथिंबीर किंवा मेथी निवडता येते: पाने एका ताटलीत, जाड देठ दुसरीत. मटार सोलताना शेंग अंगठ्याने दाबून उघडावी लागते. पुढे पेन्सिल धरायला बोटांत हीच ताकद लागते. भिजलेल्या बदामाचे साल काढणे, ताक घुसळणे, कणकेच्या छोट्या गोळ्या वळणे, लहान पोळपाटावर वेडीवाकडी पोळी लाटणे ही सगळी कामे त्याच जातीची. मुलाने लाटलेली पोळी तव्यावर भाजून त्याच्याच ताटात वाढावी. तिचा आकार कोणता झाला ते त्यालाच विचारावे. कधी तो ससा असतो, कधी नकाशा. मुलाने केलेल्या कामाचा घरात खरा उपयोग झाला, हे त्याला दिसले पाहिजे. निवडलेली भाजी त्याच्या पाठीमागे पुन्हा निवडत बसले तर मुलाच्या ते लक्षात येते आणि दुसऱ्या दिवशी ते येत नाही.

मसाल्याचा डबा हे एक पूर्ण साधन आहे. जिरे, मोहरी, हिंग, हळद, धने यांचे वास डोळे मिटून ओळखायला लावावेत. तिखटाची वाटी आधीच बाजूला काढून ठेवावी. राजमा, वाल, छोले आणि मक्याचे दाणे एका परातीत एकत्र करून वेगळे करायला द्यावेत. चार वर्षांच्या मुलाला तेच काम चिमट्याने करायला सांगितले तर खेळ अवघड आणि अधिक गमतीचा होतो. वेगळे करून झाल्यावर ‘असं का लावलंस?’ हा प्रश्न जरूर विचारावा. काही मुले रंगावरून लावतात, काही आकारावरून, आणि एखादे मूल ‘मला आवडणारे’ आणि ‘न आवडणारे’ असे दोन ढीग करते. तिन्ही वर्गीकरणे बरोबर आहेत. इथे एक खबरदारी मात्र सुटता कामा नये. कच्चे कडधान्य, शेंगदाणे, फुटाणे, मणी नाका-कानात जाऊ शकतात आणि घशात अडकले तर श्वास कोंडतो. तीन वर्षांखालच्या मुलाला ही कामे देऊच नयेत, आणि मोठ्या मुलाजवळही कोणीतरी बसलेले हवे. रिमोटमधले किंवा खेळण्यातले बटणासारखे चपटे सेल तर कोणत्याही लहान मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. गिळले गेले तर ते अन्ननलिका जाळतात आणि एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे लागते.

मटकीला मोड आणणे हा दोन दिवसांचा उपक्रम आहे आणि बहुतेक मराठी घरांत तो नाही तरी चालूच असतो. सकाळी मुलाने एक मूठ मटकी वाडग्यात घेऊन तिच्यावर पाणी ओतावे. सात-आठ तासांनी दाणे फुगलेले दिसतात. कोरडा दाणा आणि भिजलेला दाणा शेजारी ठेवून हाताने दाबून पाहावा. एक टणक असतो, दुसऱ्यावर नख उमटते. मग पाणी काढून दाणे ओल्या फडक्यात बांधावेत. मुंबईच्या दमट उकाड्यात दुसऱ्या दिवशी सकाळी फडके सोडले की पांढरे मोड डोकावतात. प्रत्येक टप्प्याचे मुलाने चित्र काढावे, त्याखाली तारीख मोठ्यांनी घालावी. पाच-सहा दाणे ओल्या कापसावर वाटीत ठेवून गॅलरीत राहू द्यावेत, बाकीच्यांची उसळ करावी. त्या वाटीत थोड्याच दिवसांत पाने फुटतात. एक वाटी उजेडात आणि एक बंद कपाटात ठेवली तर अंधारातली रोपे पिवळट आणि लांबुडकी होतात. कारण सांगण्याची घाई नको. मुलाचा अंदाज आधी ऐकावा, मग कपाटातली वाटी उजेडात आणून दोन दिवस वाट पाहावी.

गणिताची खरी सुरुवात जेवणाच्या वेळी होते. चार माणसे जेवायला बसणार असतील तर ताटे, वाट्या आणि पेले मुलाने मांडावेत: एका माणसाला एक ताट, एका ताटाला एक वाटी. एखादी वाटी कमी पडली की ‘आणखी किती हव्यात?’ हा प्रश्न आपोआप पुढे येतो. एकापासून वीसपर्यंत घडाघडा म्हणता येणे आणि वस्तू मोजता येणे यांत बरेच अंतर आहे. ताटातले पाच लाडू मूल बोट ठेवून मोजते, आणि ‘म्हणजे किती लाडू?’ असे विचारले की पुन्हा एकपासून सुरू करते. शेवटी उच्चारलेला अंक हा सगळ्या लाडवांचा मिळून असतो, हे त्याला अजून उमगलेले नसते. अशा वेळी चूक दाखवू नये. मोठ्यांनी स्वतः मोजून म्हणावे: ‘एक, दोन, तीन, चार, पाच. पाच लाडू आहेत.’ हे महिना-दोन महिने सहज कानावर पडले की ते आतून समजते. जिन्याच्या पायऱ्या, पिशवीतली लिंबे, दोरीवरचे चिमटे, सगळे मोजण्यासारखे असते.

मराठीत वीसनंतरची संख्यानावे लक्षात ठेवायला कठीण आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावीस’, ‘बत्तीस’ यांच्या जोडीला ‘वीस दोन’, ‘तीस दोन’ असे वाचन दिले गेले तेव्हा राज्यभर वाद झाला. दुसरीच्या मुलांसाठी जो प्रश्न इतका अवघड ठरला, तो चार वर्षांच्या मुलावर लादण्याचे कारण नाही. शाळेआधी वीसपर्यंतच्या वस्तू नीट मोजता आल्या, कमी-जास्त ओळखता आले, दोन ढीग एकत्र केले की काय होते ते पाहता आले, तर पाया भक्कम झाला. शंभरपर्यंतचे पाठांतर त्याची जागा घेऊ शकत नाही.

मापनासाठी पाणी उत्तम. एक पसरट वाडगे आणि एक उंच पेला घ्यावा. एका वाटीने दोन्हींत तेवढेच पाणी मुलाकडूनच ओतून घ्यावे. ‘जास्त पाणी कशात आहे?’ असे विचारल्यावर चार वर्षांची बहुतेक मुले उंच पेल्याकडे बोट दाखवतात, स्वतः सारख्याच वाट्या ओतल्या असूनही. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांच्या विचाराची ही पद्धत बारकाईने अभ्यासली. मूल सहा-सात वर्षांचे झाले की हळूहळू उत्तर बदलते. समजावून सांगून ते लवकर बदलत नाही, म्हणून वाद घालू नये. पाणी पुन्हा वाटीने मोजून काढायला द्यावे आणि मुलाने काय पाहिले ते त्यालाच सांगू द्यावे. भात लावताना एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, हे मोजमापही मुलाने करावे. आंघोळीच्या बादलीत काय तरंगते आणि काय बुडते हा खेळ तर न शिकवता सुरू होतो. मात्र भरलेल्या बादलीजवळ लहान मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये.

सांताक्रूझमध्ये राहणाऱ्या मुलाला पावसाळ्यात एक उपक्रम असा मिळतो, जो इतरत्र इतका रंगत नाही. भारतीय हवामान विभागाची वेधशाळा इथे आहे. मुंबईच्या पावसाचे आकडे कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन ठिकाणांच्या नावाने रोज छापून येतात. घरी तसेच मोजमाप करता येते. तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा एक उभा डबा किंवा बरणी घ्यावी; खाली निमुळती होणारी चालत नाही. ती गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात, झाड, भिंत आणि पागोळ्यांपासून दूर ठेवावी, आणि वाऱ्याने कलंडू नये म्हणून भोवती दोन विटा लावाव्यात. रोज सकाळी साडेआठला पाण्यात पट्टी उभी धरून उंची मिलिमीटरमध्ये वाचावी, कारण वेधशाळेतही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. बरणी सरळ असली की तिचे तोंड लहान असो वा मोठे, पाण्याची उंची तीच भरते. आकडा मोठ्यांनी वाचावा. मुलाने तेवढ्या उंचीची निळी पट्टी कागदावर रंगवावी आणि बरणी रिकामी करून परत जागेवर ठेवावी. आठवड्याने सात निळ्या पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. कोणता दिवस सर्वांत उंच, कोणत्या दिवशी पट्टीच नाही, हे चार वर्षांचे मूल वाचते. आलेख वाचण्याची ही त्याची पहिली वेळ असते.

थोड्या मोठ्या, पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्यापुढची गोष्ट सांगता येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला त्याच दिवशी सुमारे ७३ मिलिमीटर पडला. ९४४ मिलिमीटर म्हणजे ९४ सेंटिमीटरच्या थोडे वर, साधारण तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीएवढा. दारामागे जिथे मुलांच्या उंचीच्या खुणा करतात तिथेच जमिनीपासून ९४.४ सेंटिमीटरवर एक निळी रेघ ओढावी. मुलाने तिच्याशेजारी उभे राहून आपला हात, खांदा, डोके कुठे येते ते पाहावे. त्या दिवशी घरात कोण कुठे अडकले होते, मिठी नदीकाठी आणि मिलन सबवेत काय झाले, हे आजी-आजोबांनी सांगावे. मुलाला भीती वाटेल असे तपशील वगळून लोकांनी एकमेकांना कसे घरात घेतले, कसे खाऊ-पिऊ घातले, ते आवर्जून सांगावे. पट्टीवरचा आकडा, स्वतःचे शरीर आणि घरातली आठवण या तिन्हींची गाठ इथे पडते. कोणत्याही छापील कार्यपुस्तिकेत हे मिळत नाही.

विमानतळ जवळ असल्याने आकाशही कामी येते. पश्चिमेकडून वारा असताना बहुतेक विमाने घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने उतरतात आणि जुहूच्या समुद्राकडे उडतात. गॅलरीत डोळे मिटून उभे राहावे, आवाज कोणत्या बाजूने आला ते बोटाने दाखवावे आणि मग डोळे उघडून विमान शोधावे. कान देऊन ऐकण्याचा हा सराव आहे, आणि लक्षपूर्वक ऐकणारे मूल पुढे अक्षरांचे आवाजही नीट वेगळे करते. रिक्षाचा आवाज, कुकरची शिट्टी, लोकलचा भोंगा, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ‘आता कोणता आवाज आला?’ हा खेळ अगदी थकलेल्या आई-बाबांनाही झेपतो.

स्टेशनवर जाताना वाचनाची तयारी होते. फलाटावरच्या पाटीवर सांताक्रूझ हे नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेले असते. मुलाला आपल्या नावातले एखादे अक्षर त्यात सापडते का, ते पाहावे. धीम्या लोकलची स्टेशने हा तर पाठांतराचा तयार खेळ आहे: वांद्रे, खार रोड, सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी. ‘विलेपार्ल्याच्या आधी कोणतं?’, ‘खारनंतर कोणतं?’, मग उलट्या क्रमाने. आधी, नंतर, मधले, शेवटचे या कल्पना गणिताला आणि गोष्ट सांगायलाही लागतात. बेस्टच्या बसवरचे अंक, दुकानांच्या पाट्या, लिफ्टमधली बटणे ही सगळी वाचायचीच पुस्तके.

बाजारात मुलाला एकच काम द्यावे आणि ते पूर्ण त्याचे असावे. ‘सहा लिंबं तू मोजून घे’, ‘मावशींना विचार, पालक कशी दिली’. अनोळखी मोठ्या माणसाशी आदराने, पूर्ण वाक्यात बोलण्याचा हा चांगला सराव. मासे खाणाऱ्या घरातल्या मुलाला कोळणीच्या पाटीसमोर उभे करावे: पापलेट चपटे, बोंबील लिबलिबीत, बांगड्याच्या पाठीवर पट्टे, कोळंबीला मिशा. जून आणि जुलैमध्ये राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि १ ऑगस्टपासून पुन्हा सुरू होते; त्या आधीच्या आणि नंतरच्या पाट्यांतला फरक मुलाला दाखवण्यासारखा असतो. घरी आल्यावर रिकाम्या डब्यांची भाजीची गाडी मांडून, कागदाचे पैसे करून विकण्याचा खेळ रंगू द्यावा. त्यात मोठ्यांनी गिऱ्हाईक व्हावे, शिक्षक होऊ नये.

जुहूचा किनारा सांताक्रूझकरांना जवळचा. ओहोटीला तिथे गेले तर ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. ती छोट्या खेकड्यांनी वाळूतले खाद्य वेचून टाकलेल्या वाळूची असते. शांत बसून राहिले की खेकडे बिळातून बाहेर येतात. वाळूवर बोटाने मोठमोठी अक्षरे काढणे, कोरड्या आणि ओल्या वाळूचा किल्ला करून कोणता टिकतो ते पाहणे, शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावणे. यासाठी काहीही बरोबर न्यावे लागत नाही. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, म्हणून जाण्याआधी ती पाहून घ्यावी. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळसर फुग्यांसारखे विषारी जलचर वाहून येतात; त्यांना हात लावू देऊ नये, आणि त्या दिवसांत अनवाणी चालणे टाळावे.

लिहिण्याआधी हाताला वळण हवे, आणि ते पेन्सिलीशिवाय बरेच येते. ताटात रवा पसरून बोटाने रेघा काढणे, ओल्या फडक्याने पाटी पुसणे, जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडणे, मग बोथट कात्रीने कापणे, तांदळाच्या पिठाने ठिपक्यांची रांगोळी जोडणे, गणपतीच्या दिवसांत शाडूच्या मातीत हात घालणे, मोदकाच्या पारीला कळ्या पाडून पाहणे. दिवाळीत सोसायटीच्या आवारात किल्ला करताना माती कालवणे, पायऱ्या पाडणे आणि त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवण्याची वाट पाहणे यांत तर महिन्याभराचे उपक्रम सामावतात. अक्षरांची वेळ येईल तेव्हा ‘अ’पासूनच सुरुवात करायला हवी असे नाही. ग, म, भ, न या उभ्या काठीच्या सोप्या अक्षरांनी सुरू करण्याची आपली जुनी रीत चांगली आहे, कारण त्यांतून लगेच शब्द तयार होतात. काना-मात्रा नसलेले घर, नळ, बस, गवत असे शब्द मुलाला दिसतील तिथे चिकटवावेत. मुलाला रस वाटला तरच हे करावे. नाही तर अक्षरे सहा महिने थांबू शकतात. पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी मराठी घरांत आता ओळखीची झाली आहेत. त्यांपैकी कागदाच्या टोप्या, पक्षी आणि भिंगऱ्या या वयालाही जमतात.

भाषेचा भाग मात्र कशानेही भरून निघत नाही. सांताक्रूझच्या एकाच इमारतीत मराठी, गुजराती, कोकणी, हिंदी आणि इंग्रजी कानावर पडते, आणि अनेक मराठी मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. त्यामुळे घरीही मुलाशी अर्धे इंग्रजी बोलावे असा दबाव पालकांवर येतो. तो मानू नये. घरात ज्या भाषेत मनापासून बोलता येते त्याच भाषेत मुलाशी भरपूर, पूर्ण वाक्यांत बोलावे. ‘बॉल दे’ऐवजी ‘खुर्चीखाली गेलेला तो लाल चेंडू मला आणून दे’ असे म्हटले की एका वाक्यात रंग, जागा आणि क्रिया येते. पहिल्या भाषेत विचार पक्का झालेले मूल दुसरी भाषा सहज उचलते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून त्यात मातृभाषेवर आणि खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

आवाजांचे खेळ फार उपयोगाचे: ‘क’ने सुरू होणाऱ्या तीन वस्तू खोलीत शोधणे, ‘पाणी’ला जुळणारा शब्द सांगणे, शब्दाला टाळ्या वाजवून त्याचे तुकडे मोजणे. अंगाईपासून बडबडगीतापर्यंत आजीला जे येते ते सगळे गाऊ द्यावे. पुस्तकांसाठी माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी, घरातली साधी माणसे दाखवणारी पुस्तके या वयाला जवळची वाटतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर अनेक मराठी गोष्टी मोफत मिळतात. एकच गोष्ट मूल वीस वेळा मागते, तेव्हा ती वीस वेळा वाचावी. वाचताना ‘हे काय आहे?’ असे तपासणारे प्रश्न थोडे आणि ‘ती का रुसली असेल?’, ‘आता काय होईल?’ असे प्रश्न अधिक असावेत. कधी मुलाने गोष्ट सांगावी आणि मोठ्यांनी ती त्याच्याच शब्दांत लिहून वाचून दाखवावी. बोललेले लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा वाचता येते, हे त्या वेळी मुलाच्या लक्षात येते.

शरीराला हालचाल लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात किमान तीन तास हालचाल करावी, त्यांतला एक तास दमवणारी असावी. झोप दहा ते तेरा तास आणि पडद्यासमोरचा बसून घालवलेला वेळ एक तासाच्या आत, कमी असेल तर अधिक चांगला. छोट्या घरात जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारून तिच्यावरून पेल्यातले पाणी न सांडता चालणे, उशांवरून बेडूकउड्या, भिंतीला हात लावून लंगडी असे खेळ होतात. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ विशेष चांगला, कारण त्यात नाव घेतले नसेल तर हुकूम मोडायचा असतो. स्वतःला आवरणे मूल त्यात हसत हसत शिकते. मोबाइल जेवताना नको, एवढा एक नियम सगळ्या घराने पाळला तरी बराच वेळ गप्पांसाठी मोकळा होतो. नोकरीवरून उशिरा येणाऱ्या पालकांकडे रोज अर्धा तास असला तरी चालतो. तो घड्याळ न पाहता मुलासोबत घालवावा आणि त्यात काय करायचे ते मुलाने ठरवावे. दिवसभर आजी-आजोबा किंवा पाळणाघरातल्या मावशी सांभाळत असतील तर आठवड्याचे दोन-तीन उपक्रम त्यांच्याशी बोलून ठरवावेत.

खेळताना मूल कसे बोलते, ऐकते आणि पाहते हे घरच्यांनाच सर्वांत आधी दिसते. नावाने हाक मारूनही ते वळत नसेल, तीन वर्षांचे होऊनही दोन-तीन शब्दांची वाक्ये जोडत नसेल, चौथ्या वर्षी बाहेरच्यांना त्याचे बोलणे बहुतांशी कळत नसेल, इतर मुलांकडे ढुंकूनही पाहत नसेल किंवा आधी येत असलेले बोलणे वा चालणे मागे पडत असेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि श्रवणाची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी सांताक्रूझहून दोनच स्टेशनांवर वांद्रे आहे, आणि तिथे रेक्लमेशनला केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. भेटीला जाताना मूल घरी कोणते खेळ खेळते, कोणते शब्द बोलते आणि कशाला प्रतिसाद देत नाही, याची टिपणे सोबत न्यावीत. तपासणाऱ्या तज्ज्ञांना ती फार उपयोगी पडतात.